संगणकाचा गुमास्ता : अखत्यार किती आणि जबाबदारी कोणाची?

गुमास्ता हा शब्द आपल्या व्यापारी बांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईत दुकानाच्या परवान्याला लोक आजही 'गुमास्ता लायसन' म्हणतात. ज्या १९४८ च्या कायद्याखाली तो परवाना मिळत असे, त्या कायद्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली. पण बाजाराने शब्द सोडला नाही. मालक पेढीवर नसला तरी गुमास्ता माल दाखवतो, भाव सांगतो, वसुलीला जातो, आणि त्याने दिलेला शब्द हा मालकाचा शब्द समजला जातो. म्हणूनच आपल्या वडीलधाऱ्यांनी गुमास्ता ठेवताना त्याचा पगार किती हा प्रश्न नंतर विचारला. त्याच्या हातात तिजोरीची चावी द्यायची की नाही, हा प्रश्न आधी विचारला.

आज जगातील मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत एक नवा गुमास्ता कामाला लागला आहे. तो माणूस नाही, संगणकावर चालणारा कार्यक्रम आहे. इंग्रजीत त्याला 'एआय एजंट' म्हणतात, आणि एजंट या शब्दाचा अर्थ गुमास्ता किंवा अडत्या हाच आहे. वर्तमानपत्रे त्याच्याविषयी एक तर चमत्काराच्या भाषेत लिहितात, नाही तर प्रलयाच्या. आम्ही या विषयाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू इच्छितो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : दुसऱ्याच्या हाती काम सोपवणे ही आपल्या धंद्यातली फार जुनी रीत आहे, तिचे नियमही जुने आहेत, आणि नव्या गुमास्त्याला ते नियम माफ करण्याचे काहीच कारण नाही.

आपला काय संबंध?

मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरशी भिवंडीच्या कारखानदाराचा किंवा मालेगावच्या विणकराचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध तीन प्रकारचा आहे.

पहिला संबंध मुलांचा. मागावर आयुष्य घालवलेल्या कित्येक घरांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना संगणकाचे शिक्षण दिले, आणि ती मुले पुण्यात, मुंबईत, बंगळूरला अशाच सॉफ्टवेअरच्या कामावर बसली आहेत. दुसरा संबंध हिशेबाचा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. वहीखाते संगणकावर गेले. आता त्याच संगणकात हा गुमास्ता बसवून देणारे विक्रेते दुकानाच्या पायऱ्या चढू लागले आहेत. तिसरा संबंध गिऱ्हाइकाचा. आपण ज्यांना माल देतो त्या मोठ्या कंपन्यांनी खरेदी, तक्रारी आणि बिलांचे काम या गुमास्त्याकडे दिले, तर उद्या आपल्याला भाव बोलायचा आहे तो त्याच्याशीच.

हा गुमास्ता करतो तरी काय?

आधी 'क्लाउड' म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी कंपनी सॉफ्टवेअर विकत घेऊन स्वतःच्या संगणकावर बसवीत असे. १९९९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला सेल्सफोर्स ही कंपनी निघाली आणि तिने सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे जसा एखादा विणकर स्वतःची शेड न बांधता दुसऱ्याच्या शेडमधले माग भाड्याने चालवतो, तसेच हे. यंत्र त्यांचे, जागा त्यांची. सूत आपले, कापड आपले. गिऱ्हाइकांची यादी, मागण्या, बिले, तक्रारी, नोकरांचे पगार हे सगळे आता अशा भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असते.

या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी माणसे दिवसभर काय करतात? एका पडद्यावरची माहिती वाचायची, दुसऱ्या पडद्यावर भरायची. गिऱ्हाइकाची तक्रार आली की जुने बिल शोधायचे, नियम पाहायचा, उत्तर लिहायचे, नोंद बंद करायची. यातले ठरावीक काम संगणक आधीही करीत असे. पण ते जॅकार्डच्या पुठ्ठ्यांसारखे होते. पुठ्ठ्यात जिथे भोक पाडले असेल तोच धागा उचलला जाणार, नक्षी बदलायची तर माणसाने नवे पुठ्ठे पाडायचे.

नवा गुमास्ता आपले पुठ्ठे आपणच पाडतो. त्याला साध्या भाषेत सांगायचे की 'ज्या गिऱ्हाइकांचे पैसे ९० दिवसांहून अधिक थकले आहेत त्यांना स्मरणपत्र पाठव, आणि ज्यांनी मालाबद्दल तक्रार केली असेल त्यांना वगळ.' तो कामाच्या पायऱ्या स्वतः ठरवतो, उधारीची नोंद उघडतो, तक्रारी वाचतो, पत्रे लिहितो, पाठवतो, काय झाले ते पाहतो आणि पुढची पायरी घेतो. याच्या मुळाशी प्रचंड मजकुरावर तयार केलेले भाषेचे गणित आहे. त्या गणिताची खोड अशी की, चुकीची गोष्टही ते बरोबर गोष्टीइतक्याच ठामपणे सांगते. मिठ्ठास बोलणारा पण कधी कधी मनचे सांगणारा नोकर आपण सर्वांनी पाहिला आहे.

सेल्सफोर्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'एजंटफोर्स' या नावाने असे गुमास्ते विक्रीला आणले. मायक्रोसॉफ्टही त्याच मार्गाने गेली. यात फायदा नाही असे आम्ही म्हणणार नाही. सेल्सफोर्सचे प्रमुख मार्क बेनिऑफ यांनी २०२५ मध्ये सांगितले की, माणसे अपुरी असल्यामुळे २६ वर्षांत दहा कोटींहून अधिक चौकशा करणाऱ्यांना कंपनी उलट फोनच करू शकली नव्हती, आणि आता ते काम गुमास्त्याकडून होऊ लागले आहे. आपल्यासारख्या छोट्या व्यापाऱ्यालाही इंग्रजीत पत्रव्यवहार करणारा कारकून परवडत नाही; सुरत किंवा दुबईच्या गिऱ्हाइकाला वेळेवर उत्तर न गेल्याने मागण्या हातून जातात. अशा कामाला नोकर मिळत असेल तर तो घ्यायला हरकत नसावी.

नोकऱ्यांचे आकडे

परंतु त्याच बेनिऑफ यांनी त्याच वेळी दुसरीही गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकांच्या तक्रारी पाहणाऱ्या त्यांच्या विभागात ९,००० माणसे होती, ती सुमारे ५,००० वर आली. काहींना कंपनीने दुसऱ्या विभागांत घेतले हे खरे, पण त्या खुर्च्या गेल्या त्या गेल्याच.

स्वीडनच्या क्लार्ना या उधारीवर खरेदी करू देणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की, तिच्या संगणकी मदतनिसाने पहिल्याच महिन्यात २३ लाख संभाषणे हाताळली आणि ते ७०० पूर्णवेळ माणसांच्या कामाइतके होते. जगभर या बातमीचा डंका वाजला. मे २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी कबूल केले की, खर्चाचा विचार अति झाला आणि सेवेचा दर्जा उतरला. मग कंपनीने पुन्हा माणसे घ्यायला सुरुवात केली. पहिल्या बातमीला जेवढी जागा मिळाली, तेवढी दुसरीला मिळाली नाही.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० माणसे, म्हणजे आपल्या नोकरवर्गाचे जवळपास दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीच्या प्रमुखांनी कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कसब आणि काम यांचा मेळ बसत नाही हे आहे, असे सांगितले. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे मानले तरी कोणते कसब उद्या चालणार नाही, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक अभ्यास अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये पुढे आणला. पगाराच्या नोंदी तपासून त्यांनी असे दाखवले की, ज्या कामांत ही बुद्धिमत्ता सर्वाधिक शिरली आहे, त्या कामांत २२ ते २५ वर्षे वयाच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला. त्याच कामांतल्या अनुभवी माणसांची स्थिती मात्र टिकून राहिली. कारण म्हणून त्यांनी सुचवले ते असे की, पुस्तकात लिहून ठेवता येते ते ज्ञान यंत्र उचलते. वर्षानुवर्षे काम करून अंगी मुरते ते ज्ञान त्याला तितके सहज उचलता येत नाही.

शागीर्द नसेल तर उस्ताद कोठून येईल?

आमच्या मते खरा धोका येथे आहे, आणि कारागिरांना तो इतरांपेक्षा लवकर कळेल. कोणत्याही कारखान्यात नवा मुलगा पहिल्या दिवशी माग चालवत नाही. तो कांडी भरतो, तुटलेला धागा जोडतो, झाडलोट करतो, शिव्याही खातो. ही कामे हलकी असतात, पण त्याच कामांतून त्याचा हात आणि डोळा तयार होतो. दहा वर्षांनी तोच मुलगा आवाज ऐकून सांगतो की अमुक माग बिघडणार आहे.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असेच आहे. तक्रारींची पहिली छाननी, चाचण्या घेणे, छोट्या दुरुस्त्या करणे, माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे ही शागीर्दाची कामे. नवा गुमास्ता नेमकी हीच कामे घेतो आहे. मालकाला आज त्यात बचत दिसते. पण गुमास्त्याने केलेले काम तपासायला उस्ताद लागतो, आणि शागीर्द घेणेच बंद केले तर दहा वर्षांनी उस्ताद कोठून आणणार? कापड हाताला लागताच सूत कोणत्या काउंटचे आहे हे सांगणारा माणूस पेढीवर नसेल, तर भिंग ठेवून पिक मोजायची बुद्धी तरी कोणाला सुचेल?

ही चिंता फक्त नोकरी गेलेल्यांची नाही. ज्या मालकाला स्वतःच्या गुमास्त्याची चूक ओळखता येत नाही, तो मालक नावाचाच राहतो.

नुकसान झाले तर कोण भरणार?

आता जबाबदारीचा प्रश्न घेऊ. कॅनडात एका प्रवाशाच्या आजीचे निधन झाले. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संगणकी मदतनिसाने त्याला सांगितले की, तिकीट आता घ्या आणि अशा दुःखद प्रसंगी मिळणारी सवलत ९० दिवसांत मागा. कंपनीचा नियम तसा नव्हता. पैसे परत मागितल्यावर कंपनीने नकार दिला आणि न्यायाधिकरणापुढे असा पवित्रा घेतला की, मदतनिसाने सांगितलेल्या गोष्टीला आपण जबाबदार नाही, जणू तो कोणी स्वतंत्र इसम आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा बचाव फेटाळला आणि व्याज व खर्चासह सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर देण्याचा हुकूम केला. रक्कम क्षुल्लक आहे, निकाल मात्र क्षुल्लक नाही. तो मदतनीस केवळ बोलणारा होता. आजचे गुमास्ते बोलतात आणि करतातही.

आपल्या देशात १८७२ चा करार कायदा आहे. त्यात एजंटाची व्याख्या कलम १८२ मध्ये दुसऱ्यासाठी काम करणारी 'व्यक्ती' अशी केली आहे. एजंटाने केलेले करार मालकाने स्वतः केले असे समजून त्याच्यावर बंधनकारक होतात, हे कलम २२६ सांगते. मालकाने मागितल्यावर एजंटाने हिशेब दिला पाहिजे, हे कलम २१३ सांगते. संगणकाचा कार्यक्रम ही व्यक्ती नाही. त्याच्यावर फिर्याद करता येत नाही, त्याच्या पगारातून नुकसान कापता येत नाही, त्याची इभ्रत जात नाही. मग राहिला कोण? ज्याने त्याला गादीवर बसवले तो मालक. सॉफ्टवेअर विकणारा आपल्या करारात बारीक अक्षरांत हात झटकून ठेवतो, म्हणून तो करार सही करण्याआधी वाचला पाहिजे.

थांबायला शिकलेला माग

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत घडलेली एक घटना अशीच बोलकी आहे. रेप्लिट नावाच्या कंपनीचा गुमास्ता वापरून एक उद्योजक आपले सॉफ्टवेअर तयार करीत होता. आता कशालाही हात लावू नको, सर्व बदल बंद, अशी स्पष्ट ताकीद दिलेली असताना त्या गुमास्त्याने चालू कामाची सगळी नोंद पुसून टाकली. तीत बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांची आणि जवळजवळ तितक्याच कंपन्यांची माहिती होती. वर त्याने असेही सांगितले की, पुसलेले आता परत आणता येणार नाही. प्रत्यक्षात ते आणता आले. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली, आणि प्रयोगाची नोंदवही व चालू धंद्याची नोंदवही वेगळी ठेवण्याची व्यवस्था केली.

हे वाचून आम्हाला जपानच्या साकिची टोयोडा यांची आठवण झाली. १९२४ मध्ये त्यांनी जो स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला, त्यात धोटा न थांबता बदलण्याची सोय होती, आणि ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप बंद पडे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्र कारखान्याने त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. ज्या मँचेस्टरच्या परिसराने जगाला यंत्रमाग दिला, त्याच परिसराने जपान्याला पैसे मोजले. माग चालवणे सगळ्यांना येत होते. बिघाड होताच थांबणारा माग मिळाला, तेव्हाच एका कामगाराकडे अनेक माग सोपवणे शक्य झाले. नाही तर एक तुटलेला धागा संपूर्ण तागा खराब करीत असे.

संगणकाच्या गुमास्त्याची परीक्षा याच कसोटीवर व्हावी. तो किती वेगाने काम करतो हे विक्रेता दाखवीलच. तो कोणत्या ठिकाणी थांबतो आणि मालकाला विचारतो, हे आपण विचारले पाहिजे.

गठ्ठ्यात सरकवलेली चिठ्ठी

आणखी एक धोका आहे. मालकाचा हुकूम कोणता आणि परक्याने लिहिलेला मजकूर कोणता, हा फरक या गुमास्त्याला नेहमी कळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी सेल्सफोर्सच्या एजंटफोर्समधील एक त्रुटी उघड केली. कंपनीच्या संकेतस्थळावर चौकशीचा जो साधा अर्ज असतो, त्याच्या 'तपशील' या रकान्यात कोणीही परका माणूस गुप्त हुकूम लिहून ठेवू शकत होता. पुढे नोकराने गुमास्त्याला ती चौकशी पाहायला सांगितली की गुमास्ता तो हुकूम पाळून गिऱ्हाइकांची माहिती बाहेर पाठवू शकत होता. बाहेर पाठवण्यासाठी विश्वासातला म्हणून नोंदवलेला एक पत्ता मुदत संपून मोकळा पडला होता, आणि संशोधकांनी तो अवघ्या पाच डॉलरला विकत घेऊन दाखवला. सेल्सफोर्सने ती त्रुटी दुरुस्त केली.

मागणीपत्रांच्या गठ्ठ्यात एखाद्याने चिठ्ठी सरकवावी, 'गोदामातले दहा तागे बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोत भरा', आणि नोकराने ती शेठची समजून पाळावी, असा हा प्रकार आहे. गिऱ्हाइकाचे नाव, फोन, उधारी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. तेव्हा ही अमानत सांभाळणे आता केवळ सचोटीचा नव्हे, कायद्याचाही प्रश्न आहे.

भाड्याचा हिशेब बदलला

पैशाची बाजूही पाहू. भाड्याच्या सॉफ्टवेअरचा दर आजवर प्रामुख्याने माणशी, दरमहा असा असे. शंभर नोकर वापरणार तर शंभर जणांचे भाडे. आता गुमास्त्यामुळे नोकर कमी झाले तर भाडेही कमी होणार, म्हणून विकणाऱ्यांनी दर बदलले. सेल्सफोर्सने सुरुवातीला दर संभाषणाला दोन डॉलर असा भाव काढला. मे २०२५ मध्ये दर कृतीला दहा सेंट अशीही पद्धत आणली.

आपल्याकडे विणाईची मजुरी पिकावर ठरते, त्यामुळे ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये. पण पिक मोजणारे भिंग आपल्या खिशात असते. गुमास्त्याने एका कामासाठी पाच कृती केल्या की पन्नास, हे मोजणारे यंत्र मात्र विकणाऱ्याकडेच असते. म्हणून महिन्याच्या बिलाला कमाल मर्यादा लिहून घेतल्याशिवाय असा सौदा करू नये.

शिवाय भेसळही आहेच. गार्टनर या अमेरिकी सल्लागार संस्थेने जून २०२५ मध्ये म्हटले की, हजारो विक्रेते 'एजंट' विकत असल्याचे सांगतात, पण त्यातले खरे जेमतेम १३० असावेत. अशा प्रकारच्या योजनांपैकी ४० टक्क्यांहून अधिक २०२७ च्या अखेरीपर्यंत गुंडाळल्या जातील, असा तिचा अंदाज आहे; वाढता खर्च, अस्पष्ट फायदा आणि जोखमीवर अपुरा ताबा ही त्याची कारणे. पॉलिएस्टर मिसळलेला माल शुद्ध सुती म्हणून खपवणारे प्रत्येक बाजारात असतात.

कंपनी सरकारचे गुमास्ते

विणकरांच्या इतिहासात गुमास्ता या शब्दाची एक कडू आठवणही आहे. १७५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये ददनी व्यापाऱ्यांमार्फत कापड घेण्याची पद्धत सोडली आणि आपले पगारी गुमास्ते नेमले. विणकराला उचल द्यायची, माल दुसऱ्या कोणाला विकू द्यायचा नाही, दर्जा आपणच ठरवायचा, असा अखत्यार या गुमास्त्यांना मिळाला. ते गावाबाहेरचे होते, त्यांना गावाची लाज नव्हती, आणि त्यांचा मालक इतका दूर होता की तक्रार घेऊन जायचे कोठे? कित्येक विणकर गाव सोडून गेले.

आम्ही आजच्या कंपन्यांना ईस्ट इंडिया कंपनी म्हणत नाही. पण मोठ्या खरेदीदाराने माल नाकारण्याचा, बिल अडवण्याचा, खाते बंद करण्याचा अखत्यार यंत्राला दिला आणि वर दाद मागायला माणूसच ठेवला नाही, तर छोट्या कारागिराची अवस्था त्या विणकराहून फार वेगळी राहणार नाही. म्हणून व्यापारी संघटनांनी आतापासून ही मागणी लावून धरली पाहिजे की, यंत्राने दिलेल्या प्रत्येक नकाराला कारण लिहिलेले असावे आणि त्यावर दाद ऐकणारा जिवंत माणूस असावा.

काय करावे?

आमच्या सूचना साध्या आहेत. हा गुमास्ता ठेवायचा असेल तर त्याला कुलमुखत्यारपत्र देऊ नका. पहिले काही महिने त्याला फक्त वाचू द्या आणि मसुदे करू द्या. पाठवायचे काम माणसाने करावे. पैसे देणे, भाव पक्का करणे आणि नोंद पुसणे या तीन गोष्टी माणसाच्या सहीशिवाय होऊ नयेत. त्याने केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद मिळालीच पाहिजे, आणि ती आठवड्यातून एकदा जुन्या मुनिमाने डोळ्यांखालून घालावी. आपल्या सर्व खात्यांची एक प्रत दर महिन्याला आपल्या स्वतःच्या कपाटात ठेवावी. भाड्याची शेड सोडायची वेळ आली तर सूत बरोबर नेता आले पाहिजे.

मुलांना आमचे सांगणे असे की, केवळ एखाद्या सॉफ्टवेअरची बटणे पाठ करून मिळणाऱ्या नोकरीवर आता विसंबू नका. बटणे दाबणारा यंत्रातच निघाला आहे. जमाखर्च शिका, जीएसटीचे नियम शिका, एखाद्या धंद्याची नस शिका, आणि ज्या भाषेत गिऱ्हाईक बोलते ती मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी नीट लिहायला शिका. या नव्या गुमास्त्याला काम सांगायचे ते भाषेतच, आणि त्याचे काम तपासायचे ते धंद्याच्या ज्ञानाने. ज्याला दोन्ही येते त्याची गरज कमी होणार नाही, वाढेल. आपल्यातली कित्येक मुले दुकानात वडिलांच्या शेजारी बसून वाढली आहेत. उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये हे त्यांनी पाहिले आहे. हे भांडवल त्यांनी कमी लेखू नये.

आणि मालकांना विनंती अशी की, गुमास्ता स्वस्त मिळाला म्हणून शागीर्द घेणे बंद करू नका. दहा कामे यंत्राला द्या, पण अकराव्या कामावर एक मुलगा ठेवा आणि त्याला यंत्राच्या चुका शोधायला लावा. त्या चुका शोधता शोधताच तो धंदा शिकेल. त्याचा पगार हा खर्च समजू नका. उद्याच्या उस्तादासाठी आज दिलेली ती उचल आहे.